सांगा म्हणणारे पंत

परवा भोरच्या बाजारात एका ओळखीच्या दुकानाच्या फळीवर टेकलो होतो. दत्तोपंत गेल्याची बातमी नुकतीच आली होती आणि दुकानदार समोरच्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "देवमाणूस हो! गिरणीतल्या माणसांना पोटच्या पोरासारखं जपायचे." गिऱ्हाईक मान हलवत होतं. मी चपला पायात सरकवल्या आणि उठलो. मेलेल्या माणसाबद्दल चारचौघांत वाईट बोलायचं नव्हतं आणि ते कौतुक ऐकवतही नव्हतं. इथं मात्र चारचौघं नाहीत, म्हणून लिहितो.

दत्तोपंत आमच्या भाताच्या गिरणीचे व्यवस्थापक होते. गिरणी भोर गावाबाहेर, नीरेच्या अंगाला होती. तेव्हा संस्थान होतं. गिरणीचे मालक शेठजी पुण्याला राहायचे, सुगीत एखाददुसऱ्या वेळी मोटारीतून येऊन आंबेमोहोराचा वास घेऊन जायचे. बाकी सगळं राज्य पंतांचं. वेल्ह्याकडून, गुंजवण्याकडून भाताच्या गाड्या यायच्या. आत मोठं तेलाचं इंजिन होतं. त्याचा चामडी पट्टा वरच्या चाकावर जायचा, तिथून दुसरे पट्टे भरडायच्या यंत्रांवर उतरायचे. पट्ट्यांखाली बायका ओळीनं बसून तांदूळ चाळायच्या, कणी वेगळी काढायच्या. मी दाराशी काट्यावर होतो, पोती तोलायला. तिथून ऑफिसचं दार, अंगण आणि इंजिन, सगळं दिसायचं.

पंत गळाबंद कोट घालायचे. त्यावर कोंड्याचा एक कण जरी बसला तरी बोटाच्या टिचकीनं उडवायचे. आम्ही सगळे दिवस मावळायच्या आत पिठातून काढल्यासारखे पांढरे व्हायचो; पंत सकाळी जसे यायचे तसेच संध्याकाळी घरी जायचे. भाताच्या गिरणीत उभी हयात काढून ज्याच्या अंगाला कोंडा लागला नाही, असा दुसरा माणूस मला ठाऊक नाही.

तरुणपणी ते काही दिवस मुंबईच्या कुठल्याशा कापडगिरणीत कारकून होते. तिथं एक गोरा साहेब नव्या माणसांना बोलावून सांगायचा म्हणे, की यंत्रात कुठं बिघाड दिसला, कुठं अपघात होईलसं वाटलं, तर ताबडतोब खबर द्या. त्या साहेबानं पुढं त्या खबरीचं काय केलं, ते पंतांनी पाहिलं नसावं. त्यांना फक्त सांगणं आवडलं. तेवढंच त्यांनी उचललं आणि भोरला आणलं.

नवा माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी पंत स्वतः त्याला गिरणी दाखवायचे. खांद्यावर हात ठेवायचे. माणूस त्यांच्या वडलांच्या वयाचा असला तरी त्याला "बाळ" म्हणायचे. ऑफिसच्या दाराशी त्यांनी पुण्याहून आणलेली पितळी घंटा टांगली होती. तिच्याखाली नव्या माणसाला उभं करायचं, हातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि सुरू करायचं:

"हे बघ बाळ, तुझे डोळे ते माझे डोळे. जुन्या माणसांची नजर मेलेली असते. तुझी ताजी आहे. काही सैल दिसलं, तुटकं दिसलं, कुणाच्या जिवाला धोका दिसला, की ही घंटा वाजवायची. मुकादमाला विचारायचं नाही, कुणाला भ्यायचं नाही. मी जेवत असलो तर ताटावरून उठेन. कळलं?"

"व्हय जी."

"मग एकदा वाजवून दाखव."

तो बिचारा दोरी ओढायचा. पंत डोळे मिटून तो नाद ऐकायचे. आम्ही जुने आपापल्या कामात मान खाली घालायचो, कारण वर पाहिलं तर हसू यायचं, आणि पुढं पुढं तर हसूही येईनासं झालं.

गुंजवण्याचा कोंडिबा आला तेव्हा हसू येत होतं. मिशाळ, थोराड गडी, बोलायला सरळ. माळ्यावर पोती चढवायच्या जिन्याची एक पायरी सुटली होती. आम्ही ती ओलांडूनच जायचो. कोंडिबानं ती पाहिली आणि सरळ जाऊन घंटा वाजवली. पंत बाहेर आले. इंजिन थांबवलं. सगळ्यांना अंगणात गोळा केलं, कोंडिबाला नारळ दिला, टाळ्या वाजवायला लावल्या. "असा माणूस पाहिजे!" म्हणाले. कोंडिबाचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी त्याला कोंड्याच्या खोलीत टाकलं. ती खोली म्हणजे गिरणीतली सगळ्यात वाईट जागा. वरून कोंडा सतत पडायचा, धुरळ्यानं श्वास कोंडायचा आणि पायाखालच्या फळ्या कुजलेल्या. कोंडिबा पंतांकडे गेला.

"पंत, माजं काय चुकलं?"

"चुकलं?" पंतांना मनापासून नवल वाटलं. "अरे, तुझी नजर बारीक आहे. अशी नजर जिथं धोका जास्त तिथंच नको का?"

कोंडिबा दिवसदिवस खोकत राहिला. मग एका आठवडेबाजाराला गावी म्हणून गेला तो आपल्या भातखाचरांतच राहिला. जिन्याची पायरी होती तशीच होती. नारळ देऊन झाला होता, टाळ्या वाजवून झाल्या होत्या. पंतांच्या हिशेबी ते काम पुरं झालं होतं.

पंत लबाड की मूर्ख, यावर दुपारच्या भाकरीला आमच्यात वाद व्हायचा. इमामभाई इंजिन चालवायचा. भोरातल्याच मुसलमान आळीतला, वयानं आमच्यात मोठा, बोलायला हळू. तो एकदा म्हणाला, "लबाड असता तर परवाडलं असतं रं. लबाडाला आपण काय करतोय ते ठावं असतं. ह्येला खरंच वाटतंय, का ह्यो लई चांगला हाय."

मला वाटतं, त्या माणसाचं इतकं नेमकं वर्णन पुन्हा कुणी केलं नाही.

पंतांचं खरं सुख पाहुणे आले की दिसायचं. पुण्याहून शेठजींचे कुणी व्यापारी मित्र, कुणी वकील, कुणी शाळेचे हेडमास्तर गिरणी पाहायला यायचे. आदल्या दिवशी तालीम व्हायची. वाटेत मधोमध एक बादली ठेवायची. पाहुणे आत आले की मुकादमानं ठरवलेल्या माणसानं दचकल्यासारखं करायचं आणि धावत जाऊन घंटा वाजवायची. मग पंत ऑफिसातून धोतराचा सोगा धरून पळत यायचे, "काय झालं? कुणाला लागलं नाही ना?" असं ओरडत. बादली स्वतः उचलून बाजूला ठेवायचे. पाहुणे वाहवा करायचे. एकदा हेडमास्तरांनी रुमालानं डोळे टिपलेले मी पाहिले. त्या वेळी त्यांच्या डोक्यावर, हात वर केला तर लागेल इतक्या उंचीवर, बिनकठड्याचा पट्टा फिरत होता. लाकडी कठडा होता पूर्वी. पट्टा उतरला की तो परत चढवायला कठड्यामुळं वेळ लागतो म्हणून पंतांनीच तो काढायला लावला होता.

येसूबाई आली ती हेडमास्तर आले त्याच हंगामात. कामथडीची. तिशीची असेल, अंगानं बारकी, नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. पहिल्या दिवशी पंतांनी तिला घंटेखाली उभं केलं, गूळ दिला, तेच सगळं सांगितलं. बाईमाणूस म्हणून खांद्यावर हात तेवढा ठेवला नाही. येसूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् सांगितल्यावर तुमी काय करता?"

 हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता. "काय करतो म्हणजे? ऐकतो," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि चाळण घेऊन बसली.

तिची जागा मोठ्या पट्ट्याखाली होती. पट्ट्याची दोन टोकं चामड्याच्या वादीनं शिवलेली असतात. तो सांधा झिजला होता. वादीचं टोक सुटून पट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्याला चाकावर फटकन वाजायचं. हे कळायला काही मोठं शहाणपण लागत नव्हतं. गिरणीत येणाऱ्या गाडीवानांनासुद्धा तो आवाज ऐकू यायचा. इमामभाईनं नवी वादी मागितली होती, एकदा नव्हे. हंगाम सरला की बघू, असं त्याला उत्तर मिळालं होतं.

त्या दुपारी ते वादीचं टोक बोटभर लोंबताना येसूबाईला दिसलं. ती उठली, अंगण ओलांडून घंटेपाशी गेली आणि दोरी ओढली. आवाज आला नाही. पुन्हा ओढली. नुसतं बद्द झालं, उशीवर हात मारावा तसं. दुपारच्या जेवणानंतर पंत ऑफिसात आडवे व्हायचे. कुणा नव्या माणसानं उगाच वाजवून झोपमोड करू नये म्हणून ते त्या वेळेपुरतं शिपायाकरवी घंटेच्या आतल्या लोळीला फडकं बांधून घ्यायचे. हे आम्हाला माहीत होतं. येसूबाईला नव्हतं.

ती क्षणभर त्या फडक्याकडे पाहत राहिली आणि मग दार ढकलून आतच गेली. ऑफिसची खिडकी काट्याकडे उघडी होती, मला सगळं ऐकू आलं.

"पंत, उठा. पट्टा तुटाया आलाय. इंजिन बंद कराया सांगा."

"कोण? काय?" पंतांचा आवाज झोपेनं जड झालेला. "घंटा का नाही वाजवलीस?"

"वाजवली. तिचं त्वांड बांधलंय."

कूस बदलल्याचा आवाज आला. मग पंत म्हणाले, "हे बघ बाई, प्रत्येक गोष्टीची एक रीत असते. असं आत घुसायचं नाही. चार वाजता मी बाहेर येईन, तेव्हा सांग. मी ऐकेन."

येसूबाई बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी काटा सोडून उठलो. आम्ही दोघं इंजिनाकडे निघालो. ती पट्ट्याखालच्या बायकांना हाका मारायला लागली, "उठा गं, उठा! भायेर व्हा समद्या!" बायका चाळण्या टाकून उठल्या. इमामभाईला मी हातानं खूण केली, त्यानं मान हलवली आणि इंजिन बंद करायला तो वाकला. त्याचा हात चावीवर पोचायच्या आतच सांधा सुटला. पट्टा सापासारखा सळकन फिरला आणि त्याच्या उजव्या कोपरावर बसला. तो आवाज मला अजून आठवतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

बायका बसलेल्या असत्या तर काय झालं असतं, ते त्या रिकाम्या जागेकडे बघून कळत होतं. तिथल्या दोन चाळण्यांचा चुरा झाला होता.

पंत आले. या खेपेला धोतराचा सोगा धरायचं त्यांना सुचलं नाही. इमामभाईला खाटेवर घालून आम्ही दवाखान्यात नेलं, तोवर ते दारातच उभे होते. आम्ही परत आलो तेव्हा घंटेवरचं फडकं निघालेलं होतं.

दोन दिवसांनी शेठजी आले. अंगणात खुर्ची टाकून बसले. पंत बाजूला उभे. त्यांनी सुरुवातच अशी केली, की ऐकणाऱ्याला वाटावं, दुखापत त्यांनाच झाली आहे.

"शेठजी, मी यांना रोज सांगतो. पदरमोड करून घंटा टांगली. पण एक माणूस पुढं येईल तर शपथ! एकानं, फक्त एकानं ती वाजवली असती तर इमामचा हात वाचला असता."

आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. ते ढोंग नव्हतं, हीच तर त्यातली किळसवाणी गोष्ट.

येसूबाई बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. "म्या वाजवली व्हती," ती म्हणाली. "तिच्या लोळीला फडकं बांधलेलं व्हतं. म्हून म्या आत गेले. ह्ये झोपले व्हते. मला म्हनले, चार वाजता ये."

शेठजींनी पंतांकडे पाहिलं. पंत हसले, लहान मुलाच्या बोलण्यावर हसावं तसे. मग मी सांगितलं, की मी ऐकलंय. शिपायानं सांगितलं, की फडकं आपण बांधलं, पंतांच्या सांगण्यावरून. मुकादम, जो कधीच कशात बोलायचा नाही, तो कठड्याचं बोलला. एका बाईनं जिन्याच्या पायरीचं काढलं, दुसरीनं कोंड्याच्या खोलीतल्या फळ्यांचं. कोंडिबाचंही नाव निघालं. अंगणात इतकी माणसं एकामागून एक बोलताना मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, आता संपले पंत.

 पंतांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी तो टिपला, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उजळला.

"पाहिलंत शेठजी?" ते म्हणाले. "पाहिलंत, कशी बोलतायत माणसं? मालकासमोर! निर्भयपणे! दुसऱ्या कुठल्या गिरणीत दाखवा असं. वर्षानुवर्षं मी हेच यांच्या कानीकपाळी ओरडतोय, त्याचं हे फळ आहे."

 शेठजींनी जरा विचार केला आणि मान डोलावली. ते व्यापारी होते. हंगामाच्या मध्यात नवा व्यवस्थापक शोधायची त्यांना इच्छा नसावी. कठडा बसवा, पायरी करून घ्या, फळ्या बदला, असं सांगून ते मोटारीत बसले. कठडा खरंच बसला. जिना दुरुस्त झाला. पुढं कुठल्याशा सभेत पंतांनी ते आपलं काम म्हणून सांगितलं आणि लोकांनी ऐकून घेतलं.

इमामभाईचं कोपर जुळलं, पण हात पुन्हा सरळ झाला नाही. त्याला फाटकावर बसायचं काम दिलं. इथवर ठीक होतं. पण पंतांना नव्या माणसांना दाखवायला आता एक नवी वस्तू मिळाली. घंटा दाखवून झाली की ते त्या माणसाला फाटकाशी घेऊन यायचे.

"इमाम, हात दाखव."

इमामभाई बाही वर करायचा.

"बघ बाळ. धोका दिसत होता, पण सांगितलं नाही. मग असं होतं."

इमामभाईच्या घरी खाणारी तोंडं होती. तो बाही खाली करायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचा. मी काट्यावरून हे सगळं बघायचो. एकदा मी त्याला म्हणालो, "इमामभाई, तू बोलत का न्हाईस?" तो म्हणाला, "पोरीचं लगीन व्हऊ दे."

पोरीचं लग्न झालं. त्यानंतर लगेच एके दिवशी पंत तीन नव्या बायकांना फाटकाशी घेऊन आले. "इमाम, हात दाखव." इमामभाईनं बाही वर केली. पंत तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलायला लागला. आवाज नेहमीसारखाच, हळू.

"बायांनो, ह्यो हात नीट बगा. म्या वादी मागितली व्हती, दिली न्हाई. ती तिकडं बसलीया ती येसूबाई, तिनं सांगितलं व्हतं, ऐकलं न्हाई. ह्यो मानूस झोपला व्हता. तुमाला काय दिसलं तर ह्याला सांगू नका. येसूबाईला सांगा."

मग त्यानं फाटकाची किल्ली स्टुलावर ठेवली, पटका झटकून डोक्याला गुंडाळला आणि गावाच्या वाटेनं चालू लागला. पुढं त्यानं राजवाड्यापाशी पानविड्यांची टपरी टाकली, डाव्या हातानं चुना लावायला शिकला.

पंत त्या बायकांकडे वळले. "दुःखानं भ्रम झालाय बिचाऱ्याला," म्हणाले, आणि खिशातला गूळ काढून त्यांच्या हातावर ठेवायला लागले. दोघींनी घेतला. तिसरीनं घेतला आणि शांतपणे फाटकाजवळच्या कुत्र्यापुढं टाकला.

त्या दिवसापासून घंटेचं काम संपलं. नवी बाई आली, नवा गडी आला, की आम्ही आधी पंतांचं घंटा-गूळ होऊ द्यायचो. मग दुपारच्या भाकरीला येसूबाई त्याला जवळ बसवायची. तिचं बोलणं अगदी थोडकं असायचं. "हितं कुनाला भ्यायचं न्हाई. काय वंगाळ दिसलं तर मला सांग, न्हाईतर शेजारणीला सांग. आमी समद्या उठतो." आणि त्या उठायच्या. एकदा यंत्राचं चाक डुगडुगत होतं, तेव्हा सगळ्या बायका चाळण्या खाली ठेवून भिंतीला जाऊन बसल्या. चाक दुरुस्त होईपर्यंत एकही हलली नाही. पंत त्यांच्यासमोर येरझारा घालत होते. "अगं, पण मला सांगायचं! मी ऐकलं असतं!" असं म्हणत होते. त्यांचा चेहरा खरंच दुखावलेला होता. पोरीनं परस्पर लग्न जमवल्यावर बापाचा व्हावा तसा.

संस्थान विलीन व्हायच्या सुमाराला मी गिरणी सोडली. पंत त्याआधीच निवृत्त होऊन पुण्याला राहायला गेले होते. निरोपाला त्यांना शाल मिळाली. येसूबाई त्या समारंभाला आली नव्हती. कणी पाखडायची राहिलीय म्हणाली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते नसरापूरला. काही कामासाठी गेलो होतो आणि रस्त्याकडेला पुण्याला जाणारी, उतारूंची सर्व्हिस मोटार उभी होती. जुनी, पाठीमागून वाकलेली, टपावर पोत्यांचा ढीग. पंत दाराजवळच्या जागेवर बसले होते. वय झालं होतं, पण कोट तसाच स्वच्छ. मला त्यांनी पाहिलं नाही. मोटारीचं दार त्यांच्या बाजूला होतं आणि त्याची कडी तुटलेली होती. ते दार आपोआप उघडलं, पंतांनी ओढून लावलं. पुन्हा उघडलं. त्यांनी कडीकडे वाकून नीट पाहिलं, बोटानं हलवून पाहिली. ड्रायव्हर चार पावलांवर बिडी ओढत उभा होता. पंतांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग आतल्या बाजूला पाहिलं, आणि उठून आतल्या जागेवर सरकून बसले.

तेवढ्यात एक म्हातारा गाठोडं घेऊन वर चढला आणि जागा शोधायला लागला.

"या, या आजोबा," पंत मोकळ्या जागेवर हात आपटत, प्रेमानं म्हणाले. "इथं बसा दाराशी. वारा छान लागतो."

म्हातारा दुवा देत बसला.

मी ड्रायव्हरपाशी गेलो आणि दाराचं सांगितलं. त्यानं बिडी टाकली, टपावरून सुंभाची दोरी ओढून घेतली आणि दार घट्ट बांधून टाकलं. मोटार सुरू झाली. पंत समोर बघत होते, मांडीवर हात ठेवून, समाधानी. शेजारच्या म्हाताऱ्याला ते काहीतरी विचारत होते. गाव कुठलं, मुलं किती, असलंच काहीतरी असणार. धुरळा उठला आणि मी तोंड दुसरीकडे फिरवलं.